चासी नंबर दाखवा

जर्मन माणूस चिडला की भीती वाटते असं म्हणतात ना, ते खोटं आहे. तो गप्प झाला की वाटते.

नेदरलँड्सहून मी जुनी मोटरसायकल आणली, ती नोंदवायला इथल्या जर्मन आरटीओत, म्हणजे त्सुलासुंग ऑफिसला गेलो. कागद सगळे चोख. अधिकारी बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तर, चासी नंबर दाखवा."

मी हँडल वळवून गाडीच्या मानेवर बोट ठेवलं. तिथे नंबरच नव्हता. नुसता काळाकुळकुळीत, आरशासारखा रंग. बाईंनी नखाने खरवडून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता पोलिसांना फोन लावला.  चोरीची गाडी घेतली की काय मी?

आणि आठवलं, आठवडाभर आमच्या गॅरेजमध्ये गाडीपाशी सासरे होते. पुण्याहून आलेत, जन्मभर फर्निचरचा कारखाना चालवला. बाईंना म्हटलं, एकच मिनिट, आणि स्पीकरवर फोन लावला.

"अहो बाबा, गाडीच्या मानेवर तुम्ही काही केलंत का?"

"केलं ना. कुणीतरी तिथे आकडेबिकडे कोरून चांगल्या लोखंडाची वाट लावली होती. पुट्टी भरली, घासलं, दोन हात रंग दिला. आता कुणाचा बाप आला तरी पत्ता लागायचा नाही."

 बाईंनी पेनचं टोपण काढलं.

"बरं. आता हेच जर्मनमध्ये सांगा," त्या म्हणाल्या.