सरांची मिशी

ग्रोनिंगेनच्या मासळीबाजारात हेरिंगच्या गाडीपुढे रांग होती. प्राध्यापक डुरसेमांच्या पत्नी ट्रेंचेबाई रांगेत उभ्या होत्या, आणि पुढची दोन पोरं नेमकी त्यांच्या नवऱ्याच्या प्रयोगशाळेतली निघाली. पोरांचं मात्र मागे लक्ष नव्हतं.

"हिस्के, अगं नीट सांग. बॅक्टेरियांनी साखर आत घेतली?"

"बकाबका, येल्मर! ऑक्सिजनचा लवलेश नसताना!"

"कुठून तरी हवा शिरली असेल."

"नळीत सारखा नायट्रोजन सोडत होते, हवा शिरेल कुठून? ऑक्सिजनऐवजी नायट्रेट दिलं, बस्स! त्याच्या जोरावर पेशीच्या पडद्यातून साखर आत ओढतात लेकाचे."

"आणि नायट्रेट न घातलेल्या नळीत?"

"ढिम्म!"

"पुन्हा करून पाहिलंस?"

"तीनदा! पहिल्यांदा विज्ञानासाठी, नंतर दोनदा सरांच्या मिशीसाठी."

"अरे हो की! भर बैठकीत म्हणाले होते, ऑक्सिजनशिवाय साखर आत गेली तर मिशी भादरून टाकीन!"

"आता सांगायचं कुणी?"

"तूच सांग. प्रयोग तुझा."

"मला हसू आवरायचं नाही रे! त्या मिशीखाली काय आहे, देव जाणे."

"त्यांच्या बायकोला ठाऊक असेल."

"तिनं तरी कुठे पाहिलंय! लग्नाच्या फोटोतसुद्धा सर मिशीसकट आहेत."

पोरं खिदळत हेरिंग घेऊन निघून गेली.

"बोला बाई, तुम्हाला किती देऊ?" गाडीवाल्याने विचारलं.

"हेरिंग राहू दे रे," ट्रेंचेबाई म्हणाल्या. "आधी सांग, इथे दाढीची ब्लेडं कुठे मिळतील?"