शेवटी आलेल्याने आधी बोलावे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मसाला कंपनीचे संचालक माननीय हिंमतराव हरगुडे, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, सत्कारमूर्ती आणि हडपसर कारखान्याच्या नव्या प्रमुख श्रीमती आम्रपाली गजभिये, भंडाऱ्याहून मुद्दाम आलेल्या त्यांच्या मातोश्री हिराबाई, आजी-माजी सहकारी, आणि दाराजवळ चहाच्या थर्मासवर नजर ठेवून उभे असलेले सज्जन,

सूत्रसंचालक तेजस यांनी माझी ओळख 'मंदाकिनी मॅडम, प्रयोगशाळेच्या माजी प्रमुख, आम्रपाली मॅडमच्या गुरू' अशी करून दिली. आभारी आहे. फक्त एक विचारते. गुरूला चहाच्या तोंडावर उभं करण्याची पद्धत कुठली? पहिलं भाषण केलं पायलने, जिला इथे लागून अजून वर्ष व्हायचंय. मग आपले सहकारी समाधान बोलले. सगळ्यांत शेवटी मी. पुण्यात ही जागा आभारप्रदर्शनाला देतात. मी तेजसला विचारलं, "हा क्रम कोणी लावला?" तो म्हणाला, "मॅडमनी." मी म्हटलं, "कोणत्या?" कारण एके काळी या कारखान्यात मॅडम म्हटलं की दुसरा प्रश्न पडत नसे.

असो. बाहेरच्या पाहुण्यांसाठी थोडं सांगते. आपल्याकडे दर बुधवारी चवीचं टेबल बसतं. तयार झालेल्या गोड्या मसाल्याची वेणूबाई साधी आमटी करतात, सगळ्यांपुढे एकेक वाटी येते, आणि चव घेऊन प्रत्येकाने मत द्यायचं. मत बरं पडलं तर मसाला बाजारात, नाहीतर थांबला. माझ्या काळात प्रमुखाने आधी बोलायचं, मग इतरांनी. हे मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. सिस्टर बोलल्याशिवाय आमच्यात कोणी तोंड उघडत नसे, आणि मराठीत उघडलं तर वर्गाबाहेर उभं राहावं लागे. म्हणून माझं मराठी स्वच्छ आहे. चोरून मिळवलेली वस्तू माणूस जपून वापरतो.

तर एका बुधवारी मी वाटी खाली ठेवून म्हटलं, "उत्तम." टेबलावरून "उत्तम, उत्तम" असं फिरत शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं, आणि तिथे अडलं. तिथे नुकतीच लागलेली एक मुलगी बसली होती, केसांना तेल, हातात स्टीलचा डबा. ती म्हणाली, "मॅडम, मागून कडू लागून राहिलं."

मी म्हटलं, "गजभिये, त्याला दगडफूल म्हणतात. तिखटाने जीभ भाजलेल्यांना ते कळायला वेळ लागतो."

सगळे हसले. हिराबाई, तुम्हीही आत्ता हसलात, बरं वाटलं. तो मसाला बाजारात गेला, मंडईतल्या दुकानांतून संपला, एक तक्रार आली नाही. बरोबर मी होते. हे मी मुद्दाम सांगते, कारण सकाळपासून इथे फक्त सत्कारमूर्तीच बरोबर होत आहेत.

या मुलीचं पुढे काय झालं, ते आपण आजच्या भाषणांतून ऐकलंत. प्रयोगशाळा, मग उत्पादन, मग मी निवृत्त झाल्यावर माझी खुर्ची, आणि आता संपूर्ण कारखाना. कारखान्याची खुर्ची मला मिळाली नव्हती. बाईला ती कधी देणार नाहीत, असं मी नातेवाइकांत, सोसायटीत, बँकेच्या रांगेतसुद्धा सांगत आले. सांगायला ते सोयीचं होतं. आता बाईलाच दिली. अध्यक्ष महाराज, माझी एवढी चांगली सबब तुम्ही काढून घेतलीत, त्याची भरपाई कोण देणार?

सत्काराच्या भाषणात 'अभिमान' हा शब्द वापरतात. मीही घरून तोच लिहून आणला होता. पण खरं सांगायचं तर मला हेवा वाटतो. त्यांच्या केबिनचा नाही, केबिनमध्ये ऊन येतं. गाडीचाही नाही. कशाचा, ते सांगते.

गेल्या महिन्यात मी सहज म्हणून कारखान्यात आले. बुधवार होता, हा योगायोग समजावा. मला खिडकीजवळ पाहुण्यांची खुर्ची दिली, वाटीही दिली. पाहते तर प्रमुख गप्प. टेबलावर जो सगळ्यांत शेवटी कामाला लागला, त्याने आधी बोलायचं, आणि प्रमुखाने सर्वांत शेवटी, असा नियम त्यांनी केलेला. पायलने वाटी ठेवली आणि म्हणाली, "खोबरं खवट लागतंय."

खवट नव्हतं. खोबरं जरा जास्त भाजलेलं होतं, एवढंच. मला कळलं. आम्रपालीबाईंनाही कळलं होतं, त्यांचा चेहरा मी वर्षानुवर्षं पाहिलाय. मी असते तर चार शब्दांत मुलीला गप्प बसवलं असतं आणि पुढची वाटी मागवली असती. यांनी काय केलं? म्हणाल्या, "कुठं लागतंय, आधी की मागून?" मग खोबऱ्याचं पोतं उघडायला लावलं. पायलने कच्चं खोबरं हुंगलं, भाजलेलं हुंगलं, पुन्हा कच्चं हुंगलं, आणि आपणच म्हणाली, "नाही मॅडम, खवट नाहीये. करपल्याचा वास आहे." यात अर्धा तास गेला. माझ्या काळात अर्ध्या तासात तीन मसाले संपत.

पण पुढची वाटी आली, तेव्हा पायल पुन्हा पहिली बोलली. नुकतीच सगळ्यांसमोर चुकलेली मुलगी पुन्हा बोलली. ते मी पाहिलं आणि मला माझं टेबल आठवलं. तिथे एकदा गप्प बसवलेलं माणूस कधी पुन्हा बोललं का? गजभिये त्या दगडफुलानंतर किती दिवस 'उत्तम' म्हणत होत्या, त्यांनाच विचारा. माझ्या निरोप समारंभात पहिला वक्ता म्हणाला, 'मॅडम म्हणजे शिस्त.' नंतरच्या प्रत्येकाने तेच म्हटलं, आणि सगळे पाच चाळीसची बस पकडायला पळाले. आज पाहते, तर इथे प्रत्येक वक्त्याने आपलं वेगळं सांगितलं, समाधाननी तर बाईंच्या तोंडावर त्यांची चूक सांगितली, आणि उठून कोणी गेलेलं नाही. याचा हेवा वाटू नये, एवढी मी थोर नाही.

त्याच संध्याकाळी बाई माझ्या घरी आल्या. म्हणाल्या, "मॅडम, बुधवारी टेबलावर याल का? दर आठवड्याला?"

मी म्हटलं, "कशाला, शोभेला?"

"चवीला."

"टेबल तुझं. नियम तुझे. मी कोपऱ्यात बसून काय करू?"

त्या म्हणाल्या, "विचार करा." मी म्हटलं, उत्तर सत्काराच्या दिवशी देईन. घरी बसून माझी जीभ फक्त शेजाऱ्यांवर खर्च होते, हे त्यांना ठाऊक आहे. मला ते टेबल हवं आहे, हेही त्यांना ठाऊक आहे. पण मान हलवायला मी येणार नाही.

म्हणून उत्तराआधी या सभागृहासमोर एकच प्रश्न विचारते. आम्रपालीबाई, मी आले तर माझा बोलायचा क्रम कितवा? ... मोठ्याने सांगा, मागे ऐकू जात नाही. ... त्या म्हणतात, "नियम सगळ्यांना सारखा, मॅडम. शेवटी आला, तो आधी बोलेल."

म्हणजे मी? ... त्या म्हणतात, "म्हणजे तुम्ही. पण चुकलात तर पोतं उघडायचं."

ठीक आहे. येते. पायल, बुधवारी एक खुर्ची सरकून बसा. नाराज होऊ नका, नवं कोणी लागलं की माझा नंबर जाणारच आहे. नवी भरती जरा सावकाश करावी, ही अध्यक्षांना विनंती.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात कुठे तिखट जास्त पडलं असेल, तर वडीलधारी समजून पोटात घाला. वेणूबाई, चहा द्यायला हरकत नाही. आणि सुरुवात कृपा करून पायलपासून करा. बुधवारपर्यंत मान तिचा आहे.