माझा कागद कोरा निघाला

आमचं मूळ बदलापूर गावातलं. बाप भात लावायचा, आजा भात लावायचा, आणि मी जन्मलो तेव्हा म्हणे असा ओरडलो की शेतातले बगळे उडाले ते थेट अंबरनाथच्या देवळावर जाऊन बसले. खोटं वाटत असेल तर बगळ्यांना विचारा. तर असल्या छातीचा माणूस मी, मला शेतात करमेना, एका जागी बूड ठरेना, म्हणून मिसरूड फुटायच्या आत उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, फर्निचरच्या कारखान्यात लागलो. सेठ सिंधी. माणूस वाईट नाही, चहा पाजायचा, लग्नाकार्याला यायचा, पण पंख्याचं नाव काढलं की बहिरा.

काय सांगू तुम्हाला, मी घासाईला. पॉलिश पेपरचा लांबलचक पट्टा मशीनवर गरगर फिरतो, त्याला कपाटाचं दार लावून धरायचं, की पीठ उडतं, लाकडाचं पीठ, मैद्याहून बारीक. शेडमध्ये आम्ही एकमेकांना तोंडावरून नाही, खोकल्यावरून ओळखायचो. माझ्या एका शिंकेने भरलेलं टेबल पुढे सरकलं, तर सेठ बोलला, बबन, तू शिंकून माल टेम्पोत चढव, हमाली वाचेल. सगळे हसले, मी पण हसलो. मग एक दिवस घरी बोंबील करपले, खोलीभर धूर, आणि मी मधोमध बसून पेपर वाचतोय. सुनंदा, आमची मंडळी, ती बोलली, अहो नाक आहे का भोक? वास आलाच नव्हता मला. त्या दिवसापासून जिवाला चैन नाही. दोन जिने चढलो की छातीत शिट्टी वाजायची. मी सेठच्या मागे लागलो, पीठ ओढणारा ब्लोअर बसवा म्हणून. सेठ बोलला, अरे साईं, लाकूडच आहे ना, जहर तर नाही.

तेवढ्यात कुठल्याशा कॉलेजातली एक मॅडम आली. बोलली, कामगारांच्या छातीत किती भुसा जातो ते मोजायचंय. कमरेला छोटा पंप बांधायचा, नळी पाठीवरून, आणि कॉलरला डबी. डबीत एक पांढरा कागद. पंप हवा ओढणार, धूळ कागदावर बसणार, मग कागद तोलायचा. सेठ सगळ्यांसमोर बोलला, ठीक आहे, एक दिवस मोजा, कागद खराब निघाला तर ब्लोअर बसवतो, जबान दिली. आणि मला काय वाटलं माहितीय, माझी अर्धी छाती तिथेच मोकळी झाली.

घरी येऊन सुनंदाला सांगितलं, उद्या माझ्या गळ्यात फॉरेनची मशीन लागणार, आपलं घर विकलं तरी येणार नाही असली. तेव्हा घरोघर नवे टीव्ही येत होते, आणि आमच्याकडे वस्तू आली की आधी तिला खोळ शिवायची. रेडिओला खोळ, मिक्सरला खोळ, सासऱ्यांच्या कवळीच्या डबीला पण. सुनंदाने रात्रीच त्या डबीसाठी मखमलीच्या तुकड्याची खोळ शिवली, वर झालर. बोलली, परक्याची वस्तू आहे, धूळ लागू देऊ नका.

सकाळी मॅडमने एक पंप मला बांधला. दुसरा तुलनेला म्हणून नुसता सेठच्या केबिनमध्ये ठेवायचा होता, पण सेठला मान पाहिजे, बोलला, माझ्याच कॉलरला लाव. मॅडम शेजारच्या कारखान्यात गेली आणि मी डबीला खोळ चढवली. दिवसभर जीव थाऱ्यावर नाही. दार घासतोय आणि डोळा डबीवर, मशीनला काय झालं तर सेठ मला विकेल.

संध्याकाळी मी खोळ काढून खिशात घातली. मॅडमने डब्या उघडल्या. सेठचा कागद चहासारखा तपकिरी, केबिन शेडला चिकटूनच की हो. माझा कोरा, जसा दुकानातून आणलेला. मॅडम चक्रावली. मी छाती फुगवून खोळ दाखवली, बोललो, बघा मॅडम, कणसुद्धा लागू दिला नाही. ती तिथेच फळकुटावर बसली. बोलली, दादा, धूळ खायलाच आणली होती हो ती.

मग तिने सेठला हातापाया पडून सांगितलं, याचा कागद धरू नका, उद्या परत मोजते. सेठ बोलला, एक दिवस ठरला होता. आणि जबानचा पक्का माणूस, आठवड्यात पंखा आणला. बसवला कुठे, केबिनमध्ये. केबिनमधलं पीठ ओढायचा आणि शेडमध्ये फेकायचा. मी भांडायला गेलो तर शांतपणे बोलला, बबन, कागद कोणाचा खराब निघाला? माझा. मग पंखा कोणाला पाहिजे?

सुनंदाने त्या महिन्यात मला तिथून उठवलंच. आता आमच्या बदलापुरातच, हेंद्रेपाड्यात नव्या बिल्डिंगी उठतायत, तिथे दारं बसवतो, उघड्यावर, हाताने रंधा मारतो. छिलका पायाशी पडतो, उडत नाही. पण एका जागी बसवत नाही हो, बसलो की ती शिट्टी ऐकू येते, म्हणून आपला फिरत राहतो. माझ्या छातीत किती गेलं ते मोजायचं राहिलंच. शेडमध्ये आता दुसरी माणसं आहेत, त्यांची मोजणी तरी सरळ होवो. आणि सेठला उदंड आयुष्य मिळो. मिळणारच, हवा चांगली आहे त्याची.