आठ घरांच्या सह्या

बंधुभगिनींनो, आणि समोर बसलेल्या झोहरा,

आक्का गेल्या. शाहूपुरीतली आपली सगळी गल्ली आज इथे बसली आहे. मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, बोलण्यावर जगलो. आज मात्र माझं प्रत्येक वाक्य माझ्याच विरुद्ध साक्ष देणार आहे. म्हणून बोलणं जड जातं आहे.

आक्कांचं मिरची-कांडप आणि त्यामागची खानावळ सर्वांना ठाऊक आहे. झोहरा त्यांच्याकडे जेवायला येणारी विद्यार्थिनी. अफगाणिस्तानातून शिकायला आली. शिक्षण संपलं, वसतिगृह सुटलं, आणि परतायला घर उरलं नाही. आईवडील एका शेजारी देशाच्या छावणीत, भाऊ दुसऱ्या देशाच्या सीमेवर अडकलेला. प्रत्येक देश शेजाऱ्याकडे बोट दाखवतो.

गेल्या वर्षी आक्का गल्लीच्या बैठकीत आल्या. अध्यक्ष मी होतो. महापुरात आपण जे करतो, तेच त्यांनी मागितलं. नदीकाठची माणसं येतात, आपण घरटी एक कुटुंब घेतो. एक घर थकलं की पुढचं घर. आपली आठ घरं. झोहराला प्रत्येकाने एकेक महिना ठेवून घ्यावं.

मी काय म्हणालो? म्हणालो, ही जबाबदारी प्रथम शेजारी राष्ट्रांची. त्यांनी आपापसांत न्याय्य वाटणी करावी. आणि आपण ती घ्यायचीच, तर आधी आठही घरांच्या लेखी सह्या हव्यात. तोवर कुणाचीच पाळी सुरू होणार नाही.

"सर, पुरात सह्या घेतलत्या व्हय? पोरगी दारात हाय की!"

"आक्का, दया वेगळी, तत्त्व वेगळं."

"असंल. पर तुमच्या तत्त्वाला झोपायला जागा लागत न्हाय. हिला लागतीया."

सगळे हसले. मीही हसलो. बैठक तहकूब झाली. त्याच संध्याकाळी झोहराची ट्रंक आक्कांच्या जिन्यावरून वर गेली.

पुढे सगळ्या पाळ्या त्यांनी एकट्यांनी केल्या. त्यांना दम लागत होता. मला दिसत होतं. रस्त्यात भेटल्या की हसून विचारायच्या, "सर, सह्या झाल्या का?" मी म्हणायचो, पाहू.

भार वाटून घ्यावा, हे माझं म्हणणं मी आजही सोडत नाही. पण वाटणीचा नियम कशासाठी असतो? पहिलं दार उघडणारा एकटा पडू नये, यासाठी. मी त्याच नियमाने त्यांना एकटं पाडलं. राष्ट्रं हेच करतात, असं मी वर्गात कठोरपणे सांगत आलो. माझ्या गल्लीत मी दुसरं काय केलं?

रुग्णालयात झोहरा त्यांच्या पायाशी बसली होती. आक्कांनी मला ओळखलं. आवाज उरला नव्हता, ओठ हलले. "सह्या?"

मी त्यांच्या अंगावरची चादर नीट केली. उत्तर माझ्या खिशातल्या पेनात होतं, आणि मी ते बाहेर काढलं नाही.

तेराव्यानंतर आक्कांचं घर बंद होणार आहे. झोहरा, आमची माडीवरची खोली आज सकाळी झाडून घेतली आहे. उपकार म्हणून नव्हे, बाळ. ही पाळी माझ्याकडे फार दिवसांची थकली आहे.

इतरांकडे मी आज काही मागणार नाही. तो अधिकार मी गमावला आहे. फक्त उभे राहा. दोन मिनिटं शांत राहू, आणि त्या शांततेत प्रत्येकाने आक्कांचा प्रश्न आपापल्या घरासाठी ऐकावा.

आक्का, एक सही झाली.