भोंगा आठवतो, रंग आठवत नाही

भोंऽऽऽ! हा आवाज, तुम्हाला सांगतो, अजून कानात आहे... मोठ्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, माझा थोरला भाऊ दाजी आरमाराच्या बोटीवर गेला, तेव्हा मुंबईच्या धक्क्यावर ऐकलेला. पण भोंगा घेऊन काय करू? मला पाहिजे बोटीचा रंग! भोंगा आठवतो, रंग आठवत नाही!

आता दाजीचे डोळे चाललेत, डॉक्टर म्हणतो उशीर झाला. म्हटलं, थोडं दिसतंय तोवर त्याची बोट त्याच्या हातात देऊ. सागाच्या तुकड्यातून कोरली, धुराडं म्हणून मागावरची मोडकी कांडी ठोकली, आणि अडलो रंगावर! सगळे म्हणतात राखाडी. अहो, पण कुठली राख? लाकडाची, गोवरीची, की तुसाची? कापड रंगवणारा उस्ताद म्हणतो, "चाचा, ग्रे में पचास शेड हैं, कौनसा दूँ?" अंजूरचा चिंधू म्हणतो, "निळीच व्हती, मी फोटोत बघितलीय!" फोटो काळापांढरा! टेमघरचा नवशा, एकाहत्तरच्या लढाईतला खलाशी, तो उलट मलाच विचारतो, "काका, कुठल्या सालातली? कुठल्या दर्यातली? रंग बदलतो. अन् लावतात कशाला? बोट दिसू नये म्हणून!" घ्या! जो दिसू नये म्हणून लावतात, तो मी भिवंडीभर बघत हिंडतोय! भोंगा आठवतो, रंग...

शेवटी चुलीतली राख सरसात खलून लावली. वाळते न वाळते तोच आमची बायको पार्वती हळदकुंकू घेऊन हजर!

"नवी बोट हाय, पुजल्याबिगर ऱ्हाईल व्हय?"

"अगं, लढाईची आहे! शत्रूला दिसेल ना!"

"दिसंना का! परत आली म्हंजे झालं!"

आणि नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, ठसठशीत लाल टिळा!

तेवढ्यात दाजी आला. बोट हातात दिली, म्हटलं, "दाजी, खरं सांग, हाच रंग ना?"

"मला काय ठावं? चढताना तू रडत व्हतास, तुझ्याकडं बघत व्हतो. पुढं सगळी लढाई बोटीच्या पोटात, बॉयलरपाशी. भायेरून बघितली कुणी?"

म्हणजे बघा! दोघं भाऊ एकमेकांकडे बघत बसले, आणि एवढी थोरली बोट कुणीच बघितली नाही!

मग दाजीनं बोट डोळ्यांशी नेली, फिरवली, फिरवली, आणि टिळ्याशी थांबला. तेवढाच दिसला असेल. त्यावर बोट टेकवलं, तेच आपल्या कपाळाला लावलं. मी विचारतोय, "अरे, पण रंगाचं काय?"... तर बोट काखेत मारून चालू पडला.

निदान निघताना भोंगा तरी द्यायचा!