पेन्सिलीतलं पान

लेखिका : थांबवा हो काका, मशीन थांबवा!

जुळारी : थांबलंय केव्हाच. कादंबरी छापून झाली. आधी बसा बाई, धाप लागलीय केवढी!

लेखिका : छापून झाली? मेले मी! काल पाठवलेलं पान नको होतं, काका. नावाडीण परत येते ते.

जुळारी : फोनवर तुम्हीच म्हणालात, 'नवा शेवट पाठवतेय, लगेच छापा.'

लेखिका : म्हणाले खरी. काय करू? मासिकात कादंबरी संपली आणि पत्रांवर पत्रं. 'नावाडिणीला पुस्तकात तरी काठावर आणा.' एकीचे सासरे म्हणे जेवायलाच उठले नाहीत. विरघळले मी. बसल्या बैठकीला आणली काठावर.

जुळारी : वाचकांनी मागूच नये की काय?

लेखिका : मागावं की! पण मी द्यायला नको होतं. ती नावाडीण म्हणजे माझी आई, काका. ती परत आली नाही. आठ वर्षांची मी काठावर उभी होते. आज ते पान आठवलं आणि लाज वाटली. सगळ्यांचं मन राखलं, तिचं तेवढं राहिलं.

जुळारी : हं. हे घ्या शेवटचं पान. वाचा.

लेखिका : नको हो, नाही बघवणार.

जुळारी : वाचा म्हणतो ना!

लेखिका : 'नाव सापडली. वल्हं सापडलं. मुलीने कंदील विझवला नाही...' अगंबाई! हा तर जुनाच शेवट!

(ती पान छातीशी धरून स्टुलावर बसते.)

जुळारी : अहो, शाई ओली आहे!

लेखिका : असू दे! पण हे झालं कसं?

जुळारी : तुमचं पान पेन्सिलीत होतं. आपलं ठरलंय ना? लाल शाई म्हणजे बदला. पेन्सिल म्हणजे विचार चालू, हात लावू नका.

लेखिका : हाताला लागलं त्याने लिहिलं हो. भान कुठलं!

जुळारी : पहिल्या पुस्तकाचं एक पान अकरा वेळा फिरवलंत, तेव्हा हात जोडून हा नियम करून घेतलाय मी. काल पान आल्यावर दोनदा फोन केला, उचलला नाहीत. मग पक्कं होतं त्याचेच खिळे जुळवले नि छापलं.

लेखिका : हुश्श! वाचवलंत, काका. पण खरं सांगा, तुम्हाला कुठला शेवट आवडला?

जुळारी : नवा.

लेखिका : आँ?

जुळारी : दोनदा चष्मा पुसला. त्या पत्रांत एक निळं पाकीट होतं ना, बिनसहीचं?

लेखिका : 'नावाडिणीला घरी आणा, पाया पडतो'... ते तुमचं?

जुळारी : ते घरी बसून लिहिलं, बाई. इथे मी जुळारी.