दिल्याच्या फेऱ्या

चहा येतोय तवर आमच्या दिल्याचं ऐका. कॉलेजात आमच्या फुटबॉल टीमचा सेंटर फॉरवर्ड हुता, शिरोळचा गडी, डोकं कायम तापल्यालं. सेमी फायनलला त्यानं रेफ्रीला आईवरनं शिवी हासडली आणि रेड कार्ड घेतलं. म्हंजे फायनलला बाद.

वर आमच्या जिमखान्याच्या सरांनी वेगळी शिक्षा सुनावली, "फायनल चालू असताना तू मैदानाच्या भायेरनं फेऱ्या मारायच्यास. शेवटची शिट्टी वाजंस्तवर थांबायचं न्हाय."

"सर, त्यापरास दोन कानाखाली द्या की," दिल्या रडकुंडीला आलता.

फायनल थंडीतली, सकाळची. मैदानाच्या कडंनं धुकं आणि लांबनं गुऱ्हाळाचा गोड वास. सुरवातीला दिल्या पळत पळत बोंबलत हुता, "पास दे की रं! आंधळा हाईस काय?" मग त्याचा आवाज कमी कमी हुत गेला. हाफ टाइमनंतर तर नुसता धुक्यातनं यायचा आणि धुक्यात जायचा. तोंडावर अशी शांती, की आपणबी खेळ सोडून त्याच्या मागनं जावं असं वाटायचं.

शेवटी शेवटी आम्ही गोल घातला आणि शिट्टी वाजली. पब्लिक नाचायला लागलं. दिल्याला खांद्यावर घ्यायला आम्ही सगळी पळत गेलो, तर गडी थांबंनाच. मग मी त्याला आडवा गेलो, "दिल्या, थांब लेका, संपलं!"

झोपेतनं उठल्यागत त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हळूच इचारलं,

"मॅच कवा सुरू हुणार हाय रं?"